‘समर्पित’ सर्व्हर : एका संज्ञेची आणि एका व्यवहाराची चिकित्सा

भाषाभ्यासाची साधने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कपाटातून यंत्रात गेली, ही गोष्ट आता नव्याने सांगावयास नको. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश, ही साधने आपल्यापैकी बहुतेकांच्या नित्य पाहण्यात येतात ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहामुळे. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाच्या निमित्ताने तयार झालेल्या ग्रामोफोन मुद्रिकाही शिकागोकरांनीच ऐकण्याजोग्या करून ठेवल्या आहेत. हे ऋण मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतोच. आपल्या विभागांतून आज जी साधने निर्माण होत आहेत, म्हणजे बोलींची ध्वनिमुद्रणे, दुरुस्त केलेल्या संहिता, शब्दसूची, ती ठेवावयाची कोठे? या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा दोन शब्दांचे असते : ‘डेडिकेटेड सर्व्हर घ्या.’ प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी एक ओळ घातली जाते, तीन दरपत्रके मागविली जातात, आणि त्यांतील सर्वांत स्वस्त ते स्वीकारले जाते. दरपत्रकातील संज्ञांचा अर्थ काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ज्या विभागांत एका प्रत्ययाच्या व्युत्पत्तीवरून वर्षानुवर्षे वाद चालतो, तेथे हे घडावे याचे नवल वाटते. सेवेचा करार ही एक संहिता आहे. तिचा अर्थ लावण्याचे काम आपल्या कक्षेबाहेरचे मानण्याचे कारण नाही.

प्रथम मुख्य संज्ञाच घेऊ. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘देदिकारे’, म्हणजे देवतेला वाहणे, हे क्रियापद आहे. ‘एकाच कामासाठी वेगळा काढलेला’ हा अर्थ पुढे आला, आणि यंत्रांच्या संदर्भात तेवढाच उरला. भाषांतरित माहितीपत्रकांनी त्याला ‘समर्पित’ हा प्रतिशब्द दिला आहे. हा प्रतिशब्द व्युत्पत्तीला धरून आहे, आणि म्हणूनच फसवा आहे. ‘सम्’ उपसर्गासह ऋ धातूच्या प्रयोजक रूपापासून झालेल्या या कर्मवाचक धातुसाधिताला मराठीत निष्ठेचा गंध आहे. ‘समर्पित कार्यकर्ता’ म्हटल्यावर जो भाव मनात येतो, तो या लोखंडी पेटीला चिकटतो, आणि ग्राहकाला वाटू लागते की आपल्या सेवेसाठी कोणीतरी अहोरात्र तत्पर आहे. वस्तुतः करारात अभिप्रेत असतो तो केवळ ‘राखीव’ हा अर्थ : अमुक एका यंत्राचा प्रक्रियक, स्मृती आणि डिस्क या तीन वस्तू अन्य ग्राहकाला दिल्या जाणार नाहीत. यापलीकडचे सारे सामाईकच असते. इमारत सामाईक, वीज सामाईक, हवा थंड करणारी यंत्रणा सामाईक, बाहेर जाणारी तार आणि तिच्या तोंडाशी असलेला राउटर सामाईक.

माहितीपत्रकांत या व्यवहाराला घराची उपमा देण्याचा प्रघात आहे. सामाईक होस्टिंग म्हणजे चाळीतील खोली, व्हीपीएस म्हणजे इमारतीतील ब्लॉक, आणि समर्पित सर्व्हर म्हणजे स्वतंत्र बंगला. ही उपमा सुबोध असली तरी बरोबर नाही. घर भाड्याने घेणारा तेथे राहावयास जातो. छप्पर गळले तर मालकाला बोलावतो. व्यवस्थापनाविना घेतलेला सर्व्हर हा खंडाने घेतलेल्या जमिनीसारखा आहे. नांगरट, बेणणी, राखण सर्व कुळाकडे; पीक बुडाले तरी खंड द्यावा लागतो. ‘व्यवस्थापित’ सर्व्हर हा फार तर बटाईचा व्यवहार होय, आणि बटाईत वाटा कोणाचा किती यावरून होणारे तंटे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना पुढील विवेचन परके वाटणार नाही.

सामाईकतेचा प्रश्न किती गंभीर असू शकतो, याचे उदाहरण फ्रान्समधील स्ट्रासबुर येथे मिळते. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर ओव्हीएच या कंपनीच्या तेथील केंद्राला आग लागली. एसबीजी-२ ही पाच मजली इमारत पूर्णतः जळाली. शेजारच्या एसबीजी-१ मधील बारांपैकी चार दालने नष्ट झाली. उरलेल्या दोन इमारतींना आगीची झळ लागली नाही, तरी त्यांचा वीजपुरवठा तोडावा लागला. मनुष्यहानी झाली नाही. यंत्र राखीव असो वा सामाईक, आगीने भेद केला नाही. कंपनीच्या संस्थापकाने त्याच रात्री ग्राहकांना आपापली आपत्ती-योजना अमलात आणण्यास सांगितले. ही सूचना वाचून अनेकांना प्रथमच कळले असावे की अशी योजना करणे हे आपले काम होते.

या घटनेतील अभ्यासनीय भाग आगीनंतरचा आहे. एका ग्राहक कंपनीने व्हीपीएस घेतला होता, आणि त्यासोबत बॅकअपसाठी वेगळे पैसे भरले होते. बॅकअप ज्या इमारतीत ठेवला होता तीही त्याच आवारात, आगीच्या तावडीत सापडलेली. मूळ गेले, प्रतही गेली. करारातील वाक्याचा आशय असा होता की बॅकअपची साठवण ही मूळ सर्व्हर ज्या व्यवस्थेत आहे तिच्यापासून भौतिकदृष्ट्या अलग असेल. ‘अलग’ म्हणजे काय? दुसरी डिस्क? दुसरी खोली? दुसरी इमारत? की दुसरे गाव? लील येथील व्यापारी न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये असा अर्थ लावला की प्रत मूळ सर्व्हरच्याच ठिकाणी ठेवणे हे या शब्दप्रयोगाशी विसंगत आहे, आणि कंपनीला भरपाई देण्याचा आदेश दिला. न्यायालयापुढे प्रश्न होता तो एका विशेषणाच्या व्याप्तीचा. ग्राहकाने ते विशेषण सही करण्यापूर्वी तपासले असते तर न्यायालयात जाण्याची वेळच आली नसती, असे म्हणणे थोडे कठोर होईल. पण विद्यापीठाच्या विभागाला ही कठोरता स्वतःशी बाळगणे परवडण्यासारखे आहे. जळून गेलेल्या दुकानाच्या हिशेबाची भरपाई युरोत मोजता येते. ज्या वक्त्याचे निधन झाले आहे त्याच्या बोलीचे मुद्रण कोणत्या चलनात भरून द्यावयाचे?

आता गरजेकडे वळू. दरपत्रक मागविण्यापूर्वी जो हिशेब कागदावर करावयास हवा, तो क्वचितच केला जातो. साठ हजार नोंदींचा एक कोश घ्या. प्रत्येक नोंदीस सरासरी ५०० चिन्हे धरा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. गुणाकार केल्यास नऊ कोटी बाइट, म्हणजे ९० मेगाबाइट होतात. शोधासाठी लागणाऱ्या सूची धरून याच्या तिप्पट जागा दिली, तरी ६४ गिगाबाइट स्मृतीच्या साध्या यंत्रात असे दोनशे कोश एकाच वेळी मावतील. तात्पर्य, केवळ कोशासाठी राखीव यंत्र मागणे म्हणजे एका पोथीसाठी कोठार बांधणे होय. ध्वनीची गोष्ट वेगळी. सेकंदाला ४८,००० नमुने आणि नमुन्यास २४ बिट या मापाने एकमार्गी मुद्रणाचा एक तास सुमारे ५१८ मेगाबाइट व्यापतो. हजार तासांच्या बोलीसंग्रहाला अर्धा टेराबाइटहून थोडी अधिक जागा हवी. द्विमार्गी असल्यास त्याच्या दुप्पट. तथापि ही जागा जतनासाठी हवी, ऐकविण्यासाठी नव्हे. ऐकविण्याची प्रत सेकंदाला ६४ किलोबिट इतकी आटोपशीर करता येते, आणि शंभर श्रोते एकाच वेळी ऐकू लागले तरी एकंदर भार ६.४ मेगाबिटच होतो. आपल्या बोलीसंग्रहांना एका क्षणी शंभर श्रोते लाभावेत अशी इच्छा करणे योग्य. तसे गृहीत धरून खर्च करणे योग्य नव्हे.

मग राखीव यंत्राचे समर्थन कशाने होते? माझ्या मते तीन गोष्टींनी. मुद्रणांचे स्वयंचलित लिप्यंतर किंवा ध्वनी आणि संहिता यांचा मेळ घालण्याचे काम दिवसचे दिवस चालणार असेल, तर प्रक्रियक पूर्णपणे आपला असावा लागतो. सामाईक यंत्रात शेजाऱ्याचे काम वाढले की आपले रेंगाळते. दुसरे, जतनाच्या मोठ्या डिस्का दरमहा मापून भाड्याने घेण्यापेक्षा यंत्रासोबत घेणे काही वर्षांच्या हिशेबात स्वस्त पडू शकते. तिसरे कारण गोपनीयतेचे. ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झालेल्या ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या दोषांनी असे दाखविले की एकाच प्रक्रियकावर राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांतील भिंत समजली गेली होती तितकी अभेद्य नव्हती. ज्या मुद्रणांत वक्त्यांनी घरगुती भांडणे, जातीजातींतले हेवेदावे, जमिनीचे वाद विश्वासाने सांगितले आहेत, त्यांच्या बाबतीत ही शंका गौण मानता येत नाही. या तिन्हींपैकी एकही कारण लागू नसेल, तर राखीव यंत्राचा आग्रह हा बहुधा प्रतिष्ठेचा भाग असतो.

‘आपल्याला हवी ती संगणकप्रणाली बसविता येते’ असे चौथे कारण नेहमी पुढे केले जाते. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे, पण ते व्हीपीएसवरही मिळते. त्यासाठी अख्खे यंत्र लागत नाही. मात्र हे स्वातंत्र्य मराठीच्या अभ्यासकाला का हवे, याचा विचार माहितीपत्रकांत असण्याचे कारण नाही आणि आपल्या प्रस्तावांत तो नसणे अक्षम्य आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

वर्णक्रम हा आपण व्याकरणाचा विषय मानतो. सर्व्हरवर तो व्यवस्थापनाचा विषय होतो. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ च्या लगेच पुढे बसविलेले आहे. केवळ संकेतांकांच्या क्रमाने शब्द लावले तर ‘ळ’ असलेले शब्द ‘व’ च्या आधी येतील. मराठी कोशपरंपरेत ‘ळ’ चे स्थान ‘ह’ नंतर, आणि त्यानंतर ‘क्ष’ व ‘ज्ञ’. सीएलडीआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषाविषयक सामाईक संग्रहात मराठीसाठी वेगळा क्रम नोंदलेला असून त्यात ‘ळ’ ला ‘ह’ नंतरचे स्थान दिले आहे. पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीकोशाला असे क्रम आयसीयू ग्रंथालयामार्फत वापरण्याची सोय २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून मिळाली. सामाईक होस्टिंगवर आवृत्ती कोणती आणि क्रम कोणता, हे पुरवठादार ठरवितो. म्हणजे आपल्या शब्दकोशातील वर्णमाला आपण ज्याला कधी पाहिले नाही अशा माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहते.

स्वतःचे यंत्र घेतल्याने ही अडचण संपते असेही नाही. लिनक्समधील ‘ग्लिबसी’ या मूलभूत ग्रंथालयाची २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली आणि तिने अनेक भाषांचे क्रमविषयक नियम बदलले. जुन्या क्रमाने बांधलेल्या सूची नव्या क्रमाने वाचल्या जाऊ लागल्या, तेव्हा माहितीकोशात असलेला शब्द ‘नाही’ असे उत्तर येऊ लागले. यंत्र बिघडले नव्हते, डिस्क शाबूत होती, सुधारणा मात्र रीतसर बसविली गेली होती. उपाय साधा आहे, सूची पुन्हा बांधणे. पण उपाय करावयास दोष ओळखावा लागतो, आणि कोशात शब्द ‘नाही’ असे दिसल्यावर सामान्य वाचक यंत्राला दोष न देता कोशकाराला देतो.

याहून नाजूक प्रकार ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या जोडीने आपण विद्यार्थ्यांना लेखनातील भेद शिकवितो : एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. हा आडवा रकार संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडावयाचा. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालावयाचे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने हे दोन प्रकार एक होत नाहीत. उलट, तुलनेच्या रूढ नियमांत ते अदृश्य चिन्ह दुर्लक्षणीय मानले जाते. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला स्वयंपाकी आणि गुरू हे यंत्राच्या लेखी एकच ठरतात, आणि दोन पद्धतींनी लिहिलेले दोन स्वयंपाकी मात्र एकमेकांना ओळखत नाहीत. संहिता सर्व्हरवर चढविण्यापूर्वी कोणती एक पद्धत स्वीकारावयाची, हे विभागाने ठरवून लिहून ठेवले पाहिजे. कोणताही पुरवठादार, कितीही ‘व्यवस्थापित’ सेवा दिली तरी, हे काम करणार नाही.

मोडी संहितांच्या बाबतीत तर एका नावानेच घात केला आहे. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, स्थान मिळाले. पण ते मूळ पट्ट्याबाहेर, जेथे प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या लोकप्रिय माहितीकोशात ‘यूटीएफ-८’ या नावाने जी सोय अनेक वर्षे दिली गेली, ती प्रत्यक्षात तीन बाइटांवर थांबणारी होती. चार बाइटांची खरी सोय ‘यूटीएफ-८-एमबी-४’ या आडनावी नावाने २०१० मध्ये आली, आणि ती मूळ निवड ठरली २०१८ च्या आठव्या आवृत्तीत. जुन्या यंत्रावर, तपासणी शिथिल ठेवलेली असताना, मोडीतील पत्र भरले तर पहिल्या मोडी अक्षराशी मजकूर तुटतो. वर दिलेली देवनागरी प्रस्तावना तेवढी राहते. जुने, स्वस्त, ‘स्थिर’ यंत्र घेण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

माहितीपत्रकांतील इतर विशेषणांचा समाचार थोडक्यात घेता येईल. ‘अमर्याद वाहतूक’ ही अतिशयोक्ती अंकगणितानेच मर्यादित होते : सेकंदाला एक गिगाबिटची तार तीस दिवस अखंड भरून वाहिली तरी ३२४ टेराबाइटांपलीकडे काही जाऊ शकत नाही, आणि ‘न्याय्य वापरा’चे कलम त्याच्याही पुष्कळ आधी आडवे येते. ‘९९.९ टक्के उपलब्धता’ म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास, किंवा तीस दिवसांच्या महिन्याला ४३ मिनिटे बंद राहण्याची पूर्वपरवानगी. त्यातून पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती बहुधा वगळलेली असते, आणि वचनभंगाची भरपाई नुकसानीच्या प्रमाणात न होता भाड्याच्या प्रमाणात होते. कोशाच्या वाचकाला पावणेनऊ तासांनी काही बिघडत नाही. ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या विभागाला बिघडते. यंत्र मुंबईत असावे की परदेशात, या वादालाही पुष्कळदा अवाजवी महत्त्व दिले जाते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो; मुंबई ते फ्रँकफुर्ट हे अंतर सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरांच्या आसपास; जाऊन येण्यास किमान ६५ मिलिसेकंद, आणि केबल वळणे घेत जात असल्याने प्रत्यक्षात याहून बरेच अधिक. शब्दाचा अर्थ पाहणाऱ्याला हा विलंब जाणवणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या तेव्हा भारतातील वाहतूक मंदावली, हे कारण मात्र विचारात घेण्यासारखे आहे. तसेच वक्त्यांच्या संमतीपत्रात साठवणुकीच्या जागेविषयी काही लिहून दिले असेल तर तेही.

आता ‘व्यवस्थापित’ या शब्दाकडे यावयास हवे, कारण व्यवहाराचे खरे मर्म तेथे आहे. करारांची भाषा पाहिली तर कर्मणी प्रयोगांची रेलचेल दिसते : ‘बॅकअप घेतला जातो’, ‘सुरक्षा-सुधारणा बसविल्या जातात’, ‘सर्व्हरवर लक्ष ठेवले जाते’. कर्ता कोठेच नाही. मराठीत नवीन कर्मणी आपण बहुधा तेव्हाच वापरतो जेव्हा कर्ता उघड असतो किंवा लपवावयाचा असतो. येथे दुसरा प्रकार आहे. म्हणून माझी सूचना अशी की, असा करार हाती आल्यावर त्यातील प्रत्येक कर्मणी वाक्याचे कर्तरी करून पाहावे. ‘बॅकअप अमुक व्यक्ती रोज रात्री घेते, तो अमुक गावी ठेवते, आणि तो परत उभा राहतो की नाही हे अमुक व्यक्ती दर तीन महिन्यांनी करून पाहते.’ वाक्य पूर्ण करता आले नाही तर रिकामी जागा आपल्याच विभागाची आहे असे समजावे.

कर्त्याविना चालणाऱ्या क्रियेचे काय होते, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत दिसले. ही कंपनी संगणकतज्ज्ञांनाच सेवा पुरविते, तेव्हा अज्ञानाचा प्रश्न नव्हता. रात्री उशिरापर्यंत काम करीत असलेल्या एका अभियंत्याने चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली आणि मुख्य माहितीकोशाचा सुमारे ३०० गिगाबाइटांचा साठा पुसला गेला. त्यानंतर बॅकअप शोधण्यास सुरुवात झाली. रोजचा बॅकअप घेणारी आज्ञा माहितीकोशाच्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या जुन्या साधनाने चालत होती, त्यामुळे ती रोज अपयशी होत होती. अपयशाची सूचना देणारी पत्रे निघत होती, पण पत्रव्यवस्थेच्या तपासणीत ती नाकारली जात होती. म्हणजे बॅकअप ‘घेतला जात होता’ आणि सूचना ‘पाठविली जात होती’. फक्त यांपैकी काहीच कोणाला मिळत नव्हते. त्या अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेऊन ठेवलेली एक प्रत होती म्हणून बहुतेक सारे वाचले, आणि सहा तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने हे सर्व मोकळेपणाने प्रसिद्ध केले, याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत. आपल्याकडे असे अहवाल प्रसिद्ध करण्याची रीत अजून पडलेली नाही.

येथेच ‘रेड’ विषयीचा गैरसमज दूर करावा. दोन डिस्कांवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिण्याची ही सोय एक डिस्क मरण पावल्यास उपयोगी पडते. चुकून पुसलेला मजकूर ती तितक्याच तत्परतेने दोन्हीकडून पुसते. तिला प्रत म्हणणे म्हणजे आरशातील प्रतिबिंबाला दुसरा माणूस म्हणणे होय. आपल्या जुन्या लेखनिकांना हा भेद कळत होता. पोथीच्या शेवटी तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ग्रंथ राखण्याची, तसेच तो मूर्खाच्या हाती न देण्याची विनंती करून ते थांबत नसत. दुसऱ्या मठात दुसरी प्रत करवून घेत. (विनंतीतील शेवटचा भाग ‘रूट’ पासवर्डालाही लागू पडतो, हे प्रत्येक प्रकल्पप्रमुखाने मनाशी धरावे.)

कालमर्यादेचा प्रश्नही संज्ञेच्या अर्थाशीच येऊन भिडतो. ‘दीर्घकालीन आधार’ या शब्दांवर विसंबून अनेक संस्थांनी सेंटओएसची आठवी आवृत्ती बसविली. तिचा आधार २०२९ पर्यंत चालेल अशी अपेक्षा होती. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने जाहीर केले की तो ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. सातव्या आवृत्तीचा आधार आपल्या ठरल्या वेळी, ३० जून २०२४ ला, संपला, आणि तरीही त्या आवृत्तीवर चालणारी शैक्षणिक संकेतस्थळे दिसतात. प्रकल्प तीन वर्षांचा, निधी तीन वर्षांचा, संशोधन-साहाय्यकाची नेमणूक अकरा महिन्यांची, आणि सर्व्हर मात्र पुढेही चालावयाचा, ही विसंगती कोणत्याही प्रणालीने सुटणारी नाही. कामाचा वेगही वाढत आहे. संकेतस्थळाची सुरक्षा-प्रमाणपत्रे पूर्वी वर्षावर्षाने नवी करावी लागत. एप्रिल २०२५ मध्ये संमत झालेल्या निर्णयानुसार मार्च २०२९ पासून त्यांचे आयुष्य ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने करण्याचे हे काम राहिलेले नाही. ते आपोआप होते की नाही हे पाहण्याचे काम मात्र हातानेच करावे लागेल. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरीसारखी घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवावयाची आणि यंत्रावरील नोंदी १८० दिवस राखावयाच्या. शनिवारी रात्री घटना घडली तर सहा तासांत कळविणार कोण, हे यंत्र घेण्यापूर्वी ठरवावे.

या सर्वांवरून माझे मत असे झाले आहे की, भाषाविभागाने सामान्यतः व्हीपीएस घ्यावा, आणि राखीव यंत्रासाठी काढून ठेवलेल्या रकमेतील उरलेला भाग ज्याला या कामाची जाण आहे अशा एका माणसाच्या वेतनावर खर्च करावा. वर दिलेल्या तीन कारणांपैकी एखादे खरोखर असेल तर राखीव यंत्र घ्यावे. पण तेव्हा दोष दुरुस्त करणारी स्मृती, दोन डिस्का, दुरून पडदा पाहण्याची सोय, आणि दुसऱ्या गावातील, दुसऱ्या पुरवठादाराकडील बॅकअप या चार गोष्टी दरपत्रकाच्या अटींत असाव्यात. संकेतस्थळाचे नाव संस्थेच्या नावे नोंदवावे, प्रकल्पप्रमुखाच्या व्यक्तिगत पत्त्यावर नव्हे. सर्वांत स्वस्त दरपत्रक स्वीकारण्याचा नियम पुस्तकांच्या कपाटांसाठी केलेला आहे. येथे तो लागू करताना लेखाविभागाशी वाद घालावा लागेल, आणि तो घालावा.

एक बाब दरपत्रकांत बहुधा आढळतच नाही, ती म्हणजे व्यवहाराचा शेवट. करार संपला की यंत्र परत जाते, आणि तीच डिस्क पुढच्या ग्राहकाला मिळते. तिच्यावरील वक्त्यांची मुद्रणे कोणी पुसली, कशी पुसली, याचे प्रमाणपत्र मागितल्याशिवाय मिळत नाही. बिघडलेली डिस्क काढून नेली जाते तेव्हा तर ती पुसणेही शक्य नसते. म्हणून पहिल्या दिवशीच संपूर्ण डिस्क कूटबद्ध करून मग तीवर मजकूर चढवावा. याची एक किंमत आहे : यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले की प्रत्येक वेळी कोणीतरी दुरून कूटवाक्य टंकित करावे लागते. ते कूटवाक्य दोन मोहोरबंद पाकिटांत, एक विभागप्रमुखाकडे आणि एक कुलसचिवांकडे ठेवावे, आणि विभागप्रमुख बदलले की त्याच आठवड्यात तेही बदलावे.